हाताने बनवलेल्या वस्तूंचं ऑनलाइन दुकान उघडण्याआधी: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर या पट्ट्यातून येत राहतात. विचारणारे बहुतेक जण घरूनच काम करतात. कोणी खणाच्या पर्स शिवतं, कोणी क्रोशे विणतं, कोणी आकाशकंदील, राख्या, तोरणं, मेणबत्त्या करतं. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुरुवात कुठून करू? आधी वेबसाइट बनवून घेऊ का?

नको. वेबसाइट सगळ्यात शेवटी. आधी पाच-सहा वस्तू पक्क्या करा, प्रत्येकीची किंमत कागदावर मांडा (प्रश्न ४), मग ती वस्तू गिऱ्हाइकाला जाईल तशी पूर्ण बांधून तिचं वजन आणि खोक्याचं माप घ्या. त्यानंतर एक पार्सल खरोखर पाठवा. नागपूरला किंवा सांगलीला कोणी ओळखीचं असेल तर त्यांना पाठवून, उघडतानाचे फोटो मागवा. वस्तू सरकली का, कोपरा दबला का, रंग घासला का, हे त्यातूनच कळतं.

हा क्रम सांगण्यामागे कारण आहे. पाठवणीचा खर्च हातात आला की बऱ्याच वस्तूंची किंमत बदलावी लागते आणि काहींचा आकारसुद्धा. आधी साइटवर पैसे घातले असतील तर फोटो, मापं, किमती सगळं पुन्हा करावं लागतं.

२. घरून विकायला कमीत कमी कोणती कागदपत्रं लागतात?

एकट्याच्या मालकीचा व्यवसाय असेल तर वेगळी कंपनी काढायची गरज नाही. तुमचं स्वतःचं पॅन चालतं. त्यावर ही कागदपत्रं:

- उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद. आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत आहे. इंटरनेटवर शोधलं की शुल्क मागणाऱ्या खासगी साइट वर दिसतात. सरकारी पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो, तेवढं बघून घ्या.
- गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापनेची सरकारी नोंद. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार मोजकीच माणसं कामाला असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती जपून ठेवा.
- चालू खातं. व्यवसायाच्या नावाने खातं उघडताना बँका साधारणपणे व्यवसायाचे दोन पुरावे मागतात. उद्यम प्रमाणपत्र आणि गुमास्त्याची पावती मिळून काम होतं.
- व्यवसायकर. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात, मुदत ३० जून. हा कर लोक हमखास विसरतात आणि नंतर व्याजासकट भरतात.

जीएसटीचं उत्तर मोठं आहे, ते प्रश्न १० मध्ये. साबण, खेळणी आणि खाण्याच्या वस्तूंना वेगळे परवाने लागतात (प्रश्न १४ ते १६).

३. फ्लॅटमधून व्यवसाय केला तर सोसायटी हरकत घेईल का? आणि घराचा पत्ता सगळ्यांना दिसणार का?

घरात बसून शिवणं-विणणं आणि कुरिअरने पाठवणं याला सहसा कोणी हरकत घेत नाही. हरकत येते ती गिऱ्हाइकं घरी येऊ लागली, जिन्यात खोकी साठली किंवा रात्री मशीनचा आवाज झाला की. सचिवांना एक साधं पत्र आधीच द्या: गिऱ्हाइकं येणार नाहीत, पार्सल दिवसातून एकदा अमुक वेळेत गेटवरून जातील. भाड्याच्या घरात राहत असाल तर करारनामा काढून बघा. त्यात ‘फक्त राहण्यासाठी’ असं कलम बहुधा असतं, म्हणून घरमालकाची लेखी संमती घ्या. घर पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर पुढे जीएसटी नोंदणीच्या वेळी वीजबिल आणि त्यांचं संमतीपत्र लागतं.

पत्ता मात्र लपवता येत नाही. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता द्यावाच लागतो आणि स्वतःची साइट असेल तर तिथेही. फोन नंबर तरी वेगळा ठेवा. दुकानासाठी दुसरं सिम घेतलं की घरचा नंबर घरचा राहतो.

४. किंमत कशी काढायची? मी साहित्याच्या दुप्पट लावते, ते बरोबर आहे का?

नाही. दुप्पट लावण्यात तुमचा वेळ कुठेच धरला जात नाही. तीन तासांची भरतकामाची पर्स आणि चाळीस मिनिटांची साधी पर्स यांचं साहित्य सारखंच लागतं, मग किंमतही सारखी निघते. भरतकामाची पर्स चांगली खपली की तिचा तोटाही तितकाच वाढतो.

खणाच्या एका पर्सचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

साहित्य म्हणजे खण, अस्तर, कॅनव्हास, चेन, दोरा: १९० रुपये. पॅकिंग, म्हणजे खोकं, कागद, टेप, लेबल: ३० रुपये. मजुरी: अडीच तास, तासाला १०० रुपये धरून २५०. वरखर्च, म्हणजे वीज, मशीनची दुरुस्ती, फुकट गेलेलं कापड, आणायला गेलेला लोकलचा आणि रिक्षाचा खर्च: ४० रुपये. एकूण ५१०. यावर २० टक्के नफा धरला तर ६१२ रुपये तुमच्या हातात पडले पाहिजेत.

आता विक्री कुठे होते त्यावर लेबलवरची किंमत ठरते. स्वतःच्या साइटवर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे जमा करून देणारी सेवा, २ टक्के घेत असेल, तर त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २.३६ टक्के कापले जातात. ६१२ ला ०.९७६४ ने भागा: ६२७, म्हणजे ६३० रुपये. मार्केटप्लेसचं (ॲमेझॉन-फ्लिपकार्टसारखी, अनेकांचा माल विकणारी साइट) कमिशन १५ टक्के असेल तर जीएसटीसकट १७.७ टक्के जातात. ६१२ भागिले ०.८२३ म्हणजे ७४४ रुपये. राम मारुती रोडवरच्या एखाद्या दुकानाने ४० टक्के मागितले तर त्याच पर्सवर १,०२० रुपये लिहावे लागतात. कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं, म्हणून भागाकार करायचा. ६१२ मध्ये नुसते १७.७ टक्के मिळवले की ७२० येतात आणि प्रत्येक पर्समागे वीसेक रुपये आपल्या खिशातून जातात.

मजुरी हाच या हिशेबाचा कणा आहे. वेळ अंदाजाने लिहू नका, घड्याळ लावून मोजा, आणि कापणं, इस्त्री, धागे काढणं, फोटो, पॅकिंग हे सगळं त्यात धरा. एकदम पाच पर्स कापून मग शिवल्या तर प्रत्येकीचा वेळ बराच कमी होतो. किंमत कमी करायचीच असेल तर ती अशी करा, मजुरीचा दर पाडून नको. तुम्ही दर पाडलात की शेजारच्या इमारतीतली दुसरी बाईही पाडते आणि मग हातकामाला कोणी पैसेच देत नाही.

५. उघडताना किती माल तयार असावा?

आठ ते बारा नमुने, प्रत्येकी दोन-तीन नग, एवढ्यावर दुकान भरलेलं वाटतं. प्रत्येक नमुन्याचा एक नग विकायचा नाही. तो पुढचे नग जुळवून बघायला आणि फोटो पुन्हा काढायला राहू द्या. प्रत्येकाला छोटा क्रमांक द्या, उदाहरणार्थ ‘खप-०३-हिरवा’, आणि तोच पिशवीवर, वहीत आणि साइटवर वापरा. एकच वस्तू व्हॉट्सॲपवर आणि साइटवर दोघांना विकली जाण्याचा घोटाळा यानेच टळतो.

६. मोबाइलवरचे फोटो चालतील का? रंग नेहमी वेगळाच येतो.

चालतील. रंग बिघडतो तो बहुतेक वेळा मिसळलेल्या उजेडामुळे: एका बाजूने खिडकी, वरून ट्यूबलाइट. सगळे दिवे बंद करा. सकाळी खिडकीजवळ, पण थेट ऊन पडत नाही अशा जागी टेबल लावा. पांढरा कार्डशीट भिंतीला टेकवून पुढे टेबलावर वळवत आणा म्हणजे मागे रेघ दिसत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला दुसरा पांढरा कार्डशीट उभा केला की सावली मऊ होते. मोबाइल फार जवळ नेऊ नका. थोडं मागे जाऊन दुपटीने झूम करा, नाहीतर पर्सचा खालचा भाग फुगलेला दिसतो.

प्रत्येक वस्तूचे सहा फोटो: समोरून, मागून, आतून, टाक्याचा किंवा गाठीचा जवळून एक, हातात धरलेला एक आणि वापरात असलेला एक. हातातला फोटो वगळू नका. ‘इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं’ ही तक्रार त्यानेच कमी होते. लांब बाजू किमान १,००० पिक्सेल ठेवा. खणाची जर, आरसे, टिकल्या चमकून पांढऱ्या पडत असतील तर खिडकीवर पातळ पांढरा पडदा किंवा बटर पेपर लावा. रंग सुधारायला फिल्टर वापरू नका. लाल-मरून आणि मोरपंखी-निळा यांत गल्लत होते आणि माल परत येतो.

७. वर्णनात आणि लेबलवर काय लिहायचं?

आधी गिऱ्हाइकाला लागणारं: लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये, पट्ट्याची लांबी, वजन, कापड किंवा धागा नेमका कोणता, कसं धुवायचं, रंग जातो का, मोबाइल मावतो का.

मग कायद्याने लागणारं. आधीच बांधून विकायच्या वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग किंवा वजन, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल लागतो. हीच माहिती, बनवल्याचा महिना सोडून, साइटवर वस्तूच्या पानावरही दिसली पाहिजे. सोबत मूळ देशही लिहा. ‘शुद्ध कापूस’, ‘नैसर्गिक रंग’ असे शब्द खरे असतील तरच वापरा. पॉवरलूमवर विणलेल्या पैठणीसारख्या कापडाची पर्स असेल तर ‘सेमी पैठणी कापड’ असंच लिहा. जाणकार गिऱ्हाईक कडेची वीण बघून लगेच ओळखतं.

८. इन्स्टाग्राम पुरेसं आहे का, की मार्केटप्लेस, की स्वतःची साइट?

पहिल्या वीस-तीस ऑर्डर इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगवर आरामात होतात, आणि त्या तशाच व्हाव्यात. लोक काय विचारतात ते कळतं आणि तेच प्रश्न पुढे वर्णनात उत्तरं म्हणून जातात. अडचण येते ती ऑर्डर वाढल्यावर: कोणाचे पैसे आले, कोणाचा पत्ता राहिला, हे चॅटमध्ये हरवतं. तिथून साइटची गरज सुरू होते.

मार्केटप्लेसवर गिऱ्हाईक आयतं मिळतं, पण ते त्यांचं असतं, तुमच्याकडे त्याचा नंबर राहत नाही. ॲमेझॉन कारीगर आणि फ्लिपकार्ट समर्थ हे विभाग कारागिरांसाठी आहेत. वस्त्र मंत्रालयाचं ‘इंडिया हँडमेड’ पोर्टलही आहे आणि ते कमिशन घेत नाही. तिथे माल लावायचा असेल तर कारागीर ओळखपत्र काढून ठेवा (प्रश्न १५). ऑनलाइनच्या जोडीने बेलापूरच्या सिडको अर्बन हाटसारख्या ठिकाणी प्रदर्शनात एखादा स्टॉल लावला तर गिऱ्हाईक वस्तू हातात घेऊन काय म्हणतं ते समोर ऐकायला मिळतं. आमच्या मते दुकान उघडण्याआधी हे एकदा तरी करावं.

९. पैसे कसे घ्यायचे? कॅश ऑन डिलिव्हरी द्यावी का?

यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, म्हणून छोट्या सुरुवातीला क्यूआर कोड पुरे. साइटवर गेटवे जोडायचा असेल तर पॅन, बँक खातं आणि साइटवर पाच पानं तयार लागतात: अटी, गोपनीयता, परतावा, पाठवणी, संपर्क. यातलं एक जरी अर्धवट असलं तरी अर्ज परत येतो. पॅनवरचं नाव आणि बँकेत नोंदलेलं खातेदाराचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. गेटवेचं शुल्क पाठवणीच्या रकमेवरही कापलं जातं, हे हिशेबात धरा.

कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला देऊ नका. गिऱ्हाइकाने दार उघडलं नाही तर जाण्याचं आणि परत येण्याचं, दोन्ही भाडं तुमच्यावर बसतं आणि वस्तू चुरगळून परत येते. द्यावीच लागली तर पाठवणीइतकी रक्कम आगाऊ घ्या.

स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवून माल पाठवू नका, बँकेचा मेसेज किंवा खातं बघा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘मोठी ऑर्डर आहे, हा कोड स्कॅन करा, ॲडव्हान्स येईल’ असा फोन आला तर तो फसवणुकीचाच. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा.

१०. मला जीएसटी नंबर घ्यावाच लागेल का?

तुम्ही कुठे आणि कशातून विकता त्यावर ते ठरतं. चार वेगळ्या परिस्थिती आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की चूक होते.

*फक्त महाराष्ट्रात, थेट गिऱ्हाइकाला (स्वतःची साइट, व्हॉट्सॲप, स्टॉल):* वस्तूंची वर्षाची एकूण विक्री ४० लाखांपर्यंत असेल तर नोंदणी नको. एकूण म्हणजे तुमच्या पॅनवरचे सगळे व्यवसाय मिळून.

*दुसऱ्या राज्यात थेट विक्री:* एरवी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. पण अधिसूचित हस्तकला वस्तूंना २० लाखांपर्यंत सूट आहे. दोन अटी आहेत. पॅन हवं, आणि प्रत्येक पार्सलला ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन नोंद) हवं, मग ते ३०० रुपयांचं का असेना. इतर मालाची ५० हजारांची मर्यादा इथे लागू होत नाही. हेच बहुतेकांना माहीत नसतं. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला ई-वे बिलाच्या पोर्टलवर ‘नागरिक’ या पर्यायातून ते काढता येतं. आणि हस्तकला म्हणजे मुख्यतः हाताने केलेली, कलाकुसर असलेली वस्तू, तीही यादीतली. मशीनवर शिवलेली साधी कापडी पिशवी त्यात बसेलच असं नाही. यादी बघितल्याशिवाय या सवलतीवर विसंबू नका.

*मार्केटप्लेसवरून, फक्त महाराष्ट्रात:* १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय विकता येतं. जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो क्रमांक म्हणजे जीएसटी नंबर नव्हे.

*मार्केटप्लेसवरून देशभर:* नोंदणी लागतेच. वरची हस्तकलेची सूट इथे उपयोगी पडत नाही. मार्केटप्लेस तुमच्या विक्रीतून ०.५ टक्के कापून सरकारकडे भरतं आणि ते तुम्हाला पुढे वळतं करून घेता येतं.

नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावायचा नाही. तो घेणं बेकायदा आहे. साधं बिल मात्र प्रत्येकाला द्या. नोंदणी असेल तर दर वस्तूनुसार बदलतो: इमिटेशन दागिन्यांना ३ टक्के, आणि अनेक हस्तकला वस्तूंचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. किंमत ठरवण्याआधी आपल्या वस्तूचा एचएसएन क्रमांक (ज्यावरून कराचा दर ठरतो तो) सीएकडून पक्का करून घ्या.

११. कुरिअरवाला वजनापेक्षा जास्त पैसे का घेतो? आणि पॅकिंग नेमकं कसं करायचं?

कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्याचे पैसे घेतो. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,००० (काही कंपन्या याहून लहान आकड्याने भागतात, तो करारात विचारा). आकाशकंदील बघा: ३० × ३० × ३५ चं खोकं, कंदील जेमतेम ४०० ग्रॅम, पण हिशेब ६.३ किलोचा. तोच कंदील घडी होईल असा केला आणि ३५ × ३५ × ४ च्या सपाट खोक्यात बसवला तर ०.९८ किलो, म्हणजे एक किलोच्या आत. दूर पाठवायचा कंदील घडीचाच करा, सोबत जोडण्याचं चित्र द्या. तोरणाचंही तसंच: गुंडाळून २० × १५ × ८ मध्ये बसवलं की अर्ध्या किलोच्या आत राहतं.

दोनच मापांची खोकी ठरवा आणि त्यांत बसतील अशाच वस्तू करा. हलक्या मालाला तीन प्लाय (तीन थरांचा पुठ्ठा) चालतं, माती, काच आणि जड वस्तूंना पाच प्लाय. वागळे इस्टेट आणि तुर्भे-रबाळे भागात खोकी बनवणारे आहेत, पण ते कमीत कमी नगांची अट घालतात. सुरुवातीला दोघी-तिघींनी मिळून एकच माप मागवलं तर परवडतं.

पणत्या, कुंड्या, आरसे अशा फुटणाऱ्या वस्तूला सगळीकडून पाच सेंटिमीटर गादी हवी. प्रत्येक नग वेगळा गुंडाळा, दोन पणत्या एकमेकींना टेकता कामा नयेत. वर्तमानपत्र कापडाला लावू नका, शाई उतरते. आधी साधा पांढरा कागद हवा. खोकं बंद करून कानाशी हलवा: आवाज आला तर आत जागा राहिली आहे. मग कमरेच्या उंचीवरून एकदा कोपऱ्यावर, एकदा कडेवर, एकदा तळावर पाडा. उघडून बघा. ही चाचणी झाल्याशिवाय मातीची कुठलीही वस्तू विक्रीला लावू नका. टेप दोन इंची, वर-खाली मधल्या जोडावर आणि दोन्ही कडांवर. पत्त्याची एक प्रत आतही टाका. वरचं लेबल पावसात गेलं तरी पार्सल पोचतं.

कुरिअरची गाडी जात नाही अशा गावांसाठी स्पीड पोस्ट हाच भरवशाचा मार्ग. त्याचा खर्च वेगळा काढून ठेवा.

१२. पावसाळ्यात माल खराब होतो. विक्री बंद ठेवू का?

बंद ठेवायची गरज नाही, वस्तू निवडायला हव्यात. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की ग्लिसरीनच्या साबणाला घाम फुटतो, रेझिन ढगाळ किंवा चिकट राहतं, मातीच्या वस्तूवरचा रंग वरून वाळल्यासारखा वाटतो आणि पॅक केल्यावर कागदाला चिकटतो. रेझिन आणि रंगकाम एप्रिल-मेमध्ये उरकून घ्या.

कापड, लोकर, ज्यूट पॅक करण्याआधी इस्त्री करून पूर्ण थंड होऊ द्या. कोमट पिशवीत घातलं की आत वाफ धरते आणि आठवड्यात बुरशीचे ठिपके दिसतात. खोक्याच्या आत बंद पिशवी आणि सिलिका जेलची पुडी घाला. साठा भिंतीला टेकवून ठेवू नका, चार बोटं अंतर हवं.

१३. ‘माल परत घेतला जाणार नाही’ असं लिहिलं तर चालतं का?

मन बदललं म्हणून परत घ्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवू शकता. नाव भरलेली, मापाने शिवलेली वस्तू परत घेणार नाही असं आधीच ठळक लिहा. सदोष वस्तू मात्र परत घ्यावीच लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

फुटलेल्या मालासाठी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मागा, पण तो हवा हे ऑर्डर देतानाच सांगा. तुम्हीही पॅक करताना छोटा व्हिडिओ काढा. कुरिअरकडे भरपाई मागताना तोच कामाला येतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याच्या आत द्यायचा, असं ई-कॉमर्सचे २०२० चे नियम सांगतात. एका माणसाच्या दुकानात ते काम करणारे तुम्हीच, तेव्हा साइटवर तुमचंच नाव तक्रार अधिकारी म्हणून द्या.

१४. मी घरी साबण आणि उटणं करते. विकू शकते का?

परवान्याशिवाय नाही. अंगाला लावायची वस्तू सौंदर्यप्रसाधनात मोडते आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. तयार बेस वितळवून केलेला साबणही सुटत नाही, लिप बाम आणि काजळही नाही. घरच्या स्वयंपाकघराला हा परवाना मिळत नाही, कारण स्वतंत्र जागा आणि तांत्रिक माणूस लागतो. व्यवहार्य मार्ग म्हणजे परवानाधारक उत्पादकाकडून तुमच्या नावाने करून घेणं. लेबलवर त्यांचा परवाना क्रमांक छापावा लागतो. ‘मुरुम जातात’, ‘एक्झिमा बरा होतो’ असं लिहिलंत तर ती वस्तू औषधात जाते आणि प्रकरण आणखी अवघड होतं.

मेणबत्तीला हा परवाना लागत नाही.

१५. क्रोशेची खेळणी सगळ्यांना आवडतात. त्यांनाही परवाना लागतो का?

लागतो, आणि इथे खूप जण अडकतात. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. घरगुती विणकामाला ते घेणं परवडणारं नाही. मात्र वस्त्र मंत्रालयाच्या विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी बनवलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे. म्हणून ‘पहचान’ हे कारागीर ओळखपत्र आधी काढा, खेळणी मग लावा. नुसतं ‘शोभेची वस्तू’ लिहून सुटका होत नाही. वस्तू खेळण्यासारखी दिसत असेल तर ती खेळणंच धरली जाते.

सूट मिळाली तरी लहान मुलांच्या वस्तूला प्लास्टिकचे डोळे किंवा बटणं लावू नका, डोळे धाग्याने भरा. भरलेला कापूस टाक्यांमधून दिसत असेल तर एक नंबर लहान सुई घेऊन घट्ट विणा.

१६. हलव्याचे दागिने खाण्याची वस्तू धरतात का?

घालण्यासाठी विकत असाल तर ‘खाण्यासाठी नाही’ असं लेबलवर स्पष्ट लिहा, विशेषतः बोरन्हाणाच्या संचावर, कारण मूल ते तोंडात घालणारच. म्हणूनच गोंद, तार आणि टिकल्या कमीत कमी वापरा, दोऱ्यात ओवा. सोबत तिळगूळ किंवा फराळ देणार असाल तर ती खाद्यविक्री झाली. त्यासाठी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घ्या आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापा. हलवा हवेतलं पाणी ओढतो, तेव्हा बंद डबा आणि सिलिका जेल हवं. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर तो चिकट होतो.

१७. कार्टूनची चित्रं, क्रिकेट संघाचे लोगो, वारली नक्षी वापरली तर चालते का?

कार्टून आणि लोगो नाही. ‘हाताने काढलंय’ म्हणून हक्क मिळत नाही, आणि तक्रार आली की मार्केटप्लेस अख्खं खातं बंद करतं.

वारलीची गोष्ट वेगळी आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ही कला ठाणे-पालघरच्या आदिवासी समाजाची आहे. तुम्ही त्या समाजातल्या नसाल तर ‘वारली शैलीवरून’ असं स्पष्ट लिहा, मानांकनाचं चिन्ह वापरू नका. त्याहून चांगलं म्हणजे चित्र तिथल्या चित्रकाराकडून करून घ्या, योग्य मोबदला द्या आणि परवानगीने त्यांचं नाव वस्तूवर लिहा.

१८. दुकानाचं नाव ट्रेडमार्क करून घ्यावं का?

आधी शोधा, मग छापा. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर मोफत शोध घेता येतो. नाव मोकळं असेल तर डोमेन आणि इन्स्टाग्रामचं नाव त्याच दिवशी घेऊन टाका. व्यक्तीसाठी किंवा छोट्या उद्योगासाठी ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी १० वर्षं टिकते. पहिल्या महिन्यात घाई नको. लेबलं हजारांनी छापायच्या आधी मात्र करा.

१९. कच्चा माल कुठून घेऊ?

रिबन, स्टेशनरी, पॅकिंग यांसाठी अब्दुल रहमान स्ट्रीट आणि मशीद बंदर, मणी-लेससाठी भुलेश्वर, कापडाला मंगलदास मार्केट किंवा उल्हासनगर, पणत्यांना धारावीचा कुंभारवाडा. थोडंथोडकं लागलं तर ठाण्यात जांभळी नाका. लोकर आणि धागा घेताना गुंडाळीवरचा लॉट क्रमांक जुळवा. तोच रंग दुसऱ्या लॉटमध्ये किंचित वेगळा येतो आणि शालीच्या मधोमध पट्टा दिसतो. बिल प्रत्येक वेळी घ्या.

२०. वाणासाठी एकदम दोनशे नगांची मागणी आली तर?

आधी हिशेब करा: एका नगाला ४० मिनिटं म्हणजे २०० नगांना १३३ तास. रोज चार तास देता येत असतील तर ३३ दिवस. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतं, पण वाण लोकांना १४ जानेवारीच्या आत हातात हवं असतं. म्हणजे अशी ऑर्डर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर एकटीने घेऊ नका.

घेतली तर एक नमुना मंजूर करून घ्या, रंग लेखी घ्या, निम्मे पैसे आगाऊ, उरलेले पाठवण्याआधी. सूट द्यायची ती साहित्य घाऊक घेतल्याने आणि एकत्र कापल्याने जितकं वाचलं तितकीच.

२१. परदेशातून विचारणा येते. पाठवता येईल का?

येईल. परकीय व्यापार महासंचालनालयाकडून आयात-निर्यात क्रमांक घ्या, शुल्क ५०० रुपये. छोट्या पार्सलांसाठी टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून टपालानेच निर्यात बिल करता येतं. जीएसटीत निर्यात ही आंतरराज्य विक्री धरली जाते, म्हणून पहिल्या पार्सलाआधी सीएशी बोला. बिया, पिसं, कच्चं लाकूड असलेल्या वस्तू कस्टम्समध्ये अडकतात. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून टाकली आहे. तिथल्या गिऱ्हाइकाला आयात शुल्क कोण भरणार ते आधी सांगा, नाहीतर पार्सल दारातून परत येतं.

२२. उघडायला चांगला महिना कोणता?

सणाच्या सहा ते आठ आठवडे आधी. दिवाळीच्या तोंडावर उघडलं तर कुरिअरची गोदामं तुंबलेली असतात आणि पहिल्याच गिऱ्हाइकांना माल उशिरा पोचतो. राखी, गणपती, नवरात्र, दिवाळी अशी रांग धरायची असेल तर मे-जूनमध्ये दहा-बारा वस्तूंनी उघडा आणि राख्यांवर पाठवणीची घडी बसवून घ्या. राखी हलकी, सपाट आणि न फुटणारी असते. प्रत्येक सणाला ‘या तारखेपर्यंतची ऑर्डर वेळेत पोचेल’ अशी तारीख साइटच्या वरच्या भागात लावा. ती ठरवताना कुरिअरने सांगितलेल्या दिवसांत चार दिवस वाढवा. हाताने पुरं होईल तेवढ्या ऑर्डर झाल्या की त्या वस्तूपुढे ‘सध्या उपलब्ध नाही’ करा, तारीख उलटायची वाट बघू नका.